शेऱ्याचा रकाना

कवठे येमाई, ता. शिरूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमुवेल यास, नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सध्या बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो.

पोरीचा, अपेक्षाचा दहावा गुरुवारी नदीवर झाला. तू येशील असं वाटलं होतं. क्रिस्टीनावहिनींचा गुडघा सुजल्याचा रॉबिनचा निरोप मिळाला. काळजी घ्या.

काय घडलं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल, म्हणून नीट लिहितो. नोव्हेंबरपासून आमच्या वाडीच्या बायका नदीच्या उतारावर बसत होत्या. वाळूचे टिपर पात्रात उतरायला तोच एक रस्ता आहे. दगड नाही, काठी नाही, घोषणासुद्धा नाहीत. चार पाळ्यांत आळीपाळीनं बसायचं आणि उठायचं नाही, एवढंच. अपेक्षानं हे सुरू केलं. २१ जानेवारीला पहाटे चार चाळीसला ती पहिल्या पाळीसाठी स्कूटीवरून निघाली. ओढ्याच्या वळणावर मागून गाडीनं उडवलं. पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’ लिहिलं आहे. मी तीस वर्षं शिरूर डेपोत वाहतूक नियंत्रक होतो, अपघाताचे अहवाल कितीतरी लिहिले. त्या रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती.

आपल्याकडे दहाव्याला प्रवचन झालं की पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. पृथ्वीराज पहिल्या रांगेत बसला होता. वाळूचा ठेका त्याचा, टिपर त्याचे. त्याचं नाव पुकारायच्या आधी मी उठलो आणि स्पीकरवाल्याला म्हणालो, “माईक बंद कर.”

तो म्हणाला, “आप्पा, सायेब बोलायचं ऱ्हायल्यात.”

“आज कोणीच बोलणार नाही.”

त्यानं बटण दाबलं. पाचशे माणसं नुसती बसून राहिली. पृथ्वीराज तसाच उठला, हात जोडून बराच वेळ उभा राहिला, मग माझ्याकडे बघून बसला. परत येताना आमच्या दगडाबाई म्हणाल्या, “आप्पा, आज त्येला पयल्यांदा गप बसल्यालं बघितलं. सवय न्हाई बिचाऱ्याला.” बायका हसल्या. मग एकदम सगळ्या थांबल्या.

अपेक्षा गेली त्या दिवसापासून उतारावर कोणी बसलेलं नाही.

तुझा,
मारुती

*

दौंड
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मारुती, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, क्रिस्टीनानं एकदा वाचलं. ती रडली. मला यायला हवं होतं. गुडघ्याचं कारण खरं आहे, पण तेवढंच नव्हतं. माझी हिंमत झाली नाही असं समज.

अपेक्षा पाच वर्षांची असताना तू तिला आमच्याकडे नाताळला घेऊन आला होतास. मी तिला माझी रेल्वेगार्डाची हिरवी झेंडी दिली तर तिनं मागितली लाल. म्हणाली, “मला गाडी थांबवायचीय.” मी तेव्हा हसलो होतो.

माईक बंद केलास ते मला बरं वाटलं नाही. म्हणजे तुझं चुकलं असं नाही. पण असल्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला की तो विसरत नाही. शिरूरच्या बोर्डिंगात असल्यापासून मी तुला ओळखतो. तू भांडत नाहीस, फक्त जागचा हलत नाहीस, आणि मार खाल्लास तो त्यामुळेच.

आमची मागची खोली रिकामी आहे. खाली दुकान, जवळ स्टेशन. उन्हाळाभर इकडे ये. रॉबिन सध्या घरीच असतो, प्लांटवर सुट्टी आहे. तो न्यायला येईल. नाही, तो नको, मीच येतो.

आणि एक ऐक. त्या गाडीचा शोध घेत फिरू नकोस. पिवळी की निळी, कुठल्या गॅरेजला लागली, हे विचारत बसू नकोस. पोलिसांना करू दे.

चर्चच्या मंडळीत रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना झाली.

तुझा,
शमुवेल

*

कवठे येमाई
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमुवेल,

बोलावलंस त्याबद्दल आभार. आत्ता येता येणार नाही. गाडीचा शोध मी घेत नाही. रंगाचं तू कशावरून लिहिलंस कळलं नाही. इथं रंगाचं कोणी काही बोललेलं नाही.

पृथ्वीराज आता रोज येतो. संध्याकाळी पाचला त्याची पांढरी गाडी दारात लागते. एकटाच आत येतो, चपला बाहेर काढतो, पडवीत माझ्यासमोर सतरंजीवर बसतो. खुर्ची दिली तर घेत नाही. सातपर्यंत बसतो. पहिले दोन दिवस मला वाटलं त्याला काही सांगायचं असेल. तो काही सांगत नाही. मोबाईलसुद्धा बघत नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथं भेटायला आलेल्याला ऊठ म्हणता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

आधी संध्याकाळी आठ-दहा माणसं यायची. आता गाडी दिसली की लोक गल्लीतूनच वळतात. परवा दगडाबाई भाकरी घेऊन आल्या, त्याला बघून उंबऱ्यावर थांबल्या.

तो म्हणाला, “या की मावशी. मी काय खातोय का तुम्हाला?”

त्या म्हणाल्या, “तुमी खाऊन आला आसाल की. आमची भाकरी कशाला गोड लागंल?”

तो हसला. त्या गेल्यावर मला म्हणाला, “आप्पा, ताईच्या नावानं वाचनालय बांधू. जागा मी देतो. तुम्ही फक्त बायकांना एकदा सांगा, झालं ते झालं, आता घर बघा. तुमचं ऐकतील.” मी दिवा लावायला उठलो. उठताना तो म्हणाला, “येतो आप्पा.”

सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. लहान पोराला कळतं. तो रोज म्हणतो.

टिपर आता रात्रंदिवस उतरतात. दगडाबाईंच्या विहिरीचं पाणी पंधरा दिवसांत एक परस, म्हणजे पुरुषभर खाली गेलं. हे पावसाळ्यापर्यंत चाललं तर पात्रात नुसता खडक उरेल आणि वाडी उठेल. बायका मला म्हणतात, “आप्पा, तुमी चार्ट करून द्या, आमी बसतो.” पाळ्यांचा चार्ट आधी मीच करून देत होतो. आता मी त्यांना नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही.

तुझा,
मारुती

*

दौंड
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय मारुती, सलाम.

तू त्यांना नाही म्हणालास ते फार चांगलं केलंस. असाच राहा. रंगाचं मी आपलं सहज लिहिलं, त्याचा अर्थ काढू नकोस. म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीही येतं.

तो माणूस घरात येऊन बसतो हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. कडी लाव. आजारी आहे म्हणून सांग. आतल्या खोलीत झोपून राहा.

आमच्याकडेही बरं चाललेलं नाही. रॉबिन प्लांटवर जात नाही. पाठ दुखते म्हणतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नको म्हणतो. जेवणाच्या ताटावर बसतो आणि भाताचे ढीग करतो. क्रिस्टीनानं पाळकसाहेबांना बोलावलं, तर हा मागच्या दारानं निघून गेला आणि रेल्वे यार्डातल्या गाड्या बघत फाटकाजवळ दोन तास उभा होता. तिथं उभं राहिलेलं आईला बघवत नाही. तिशीतला मुलगा आहे, विचारणार तरी काय?

तुझी पत्रं मी कपाटात ठेवतो. परवा ती जागची हललेली दिसली. तो वाचत असावा.

तू कसलं कारण सांगितलं नाहीस असं लिहिलंस. मला सांगायचं असेल तर सांग. नसेल तर राहू दे.

तुझा,
शमुवेल

*

कवठे येमाई
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमुवेल,

सांगतो. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

अपेक्षाचा एक नियम होता. जे करायचं ते उघड करायचं. बसायच्या आधी तिनं तहसीलला लेखी कळवलं, पोलिसांना कळवलं आणि एक प्रत पृथ्वीराजलाही नेऊन दिली. मी म्हणालो, “त्याला कशाला?” ती म्हणाली, “आप्पा, चोरून बसलो तर आपण त्याच्यासारखेच. आपण कोण, किती वाजता येणार, हे त्याला माहीत असलं पाहिजे. मग भीती आपल्या बाजूला राहत नाही.”

बायकांच्या पाळ्यांचा घोळ व्हायला लागला तेव्हा मी चार्ट करून दिला. डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरचा करायचो तसाच. तारीख, पाळी, नाव, वेळ आणि शेवटी शेरा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मीच चिकटवायचो. त्यात कोणालाही आपलं नाव लिहिता येईल, असं अपेक्षानं ठरवलं होतं. लोक बघून म्हणायचे, “आप्पांनी आख्खं एसटी स्टँड उभं केलं.” मला बरं वाटायचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा काही काम होतं.

अपेक्षा म्हणाली होती, “शेरा कशाला? नाव आणि वेळ पुरे.” मी म्हणालो, “चार्ट अर्धवट ठेवायचा नसतो. कोण चालत येणार, कोणाला आणायला गाडी लागणार, हे लिहिलेलं असलं की कोणी राहून जात नाही.” हे कारण खरं होतं. पण रिकामा रकाना मला बघवत नाही, हेही खरं होतं.

२१ तारखेचा चार्ट माझ्याकडे आहे. माझं अक्षर आहे. पहिली पाळी. अपेक्षा. घरातून ४.४०. शेरा: स्कूटीवर, ओढ्याच्या रस्त्याने, एकटी.

तिला कोणी शोधत फिरलं नाही. शोधायची गरज नव्हती.

म्हणून मी बायकांना नाही म्हणालो. आता त्या रोज विचारतात आणि मी रोज दुसरं काहीतरी बोलतो. कदाचित गाडी खरोखरच चुकून आली असेल, चार्टचा संबंध नसेल, असंही मी स्वतःला सांगून बघतो. दिवसाचे काही तास ते पटतं.

पृथ्वीराज अजून येतो. काल म्हणाला, “आप्पा, तुमचं अक्षर फार सुंदर आहे.”

तुझा,
मारुती

*

दौंड
९ मार्च २०२५

प्रिय मारुती,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. क्रिस्टीना म्हणाली, आता टाकलं नाहीत तर मी टाकते.

रॉबिन यवतच्या पुढं ज्या काँक्रीटच्या प्लांटवर आहे तो पृथ्वीराजच्या भागीदारीतला आहे. नोकरी लागली तेव्हाच मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तुझी मुलगी त्याच्या गाड्या अडवत होती आणि माझा मुलगा त्याच गाड्यांच्या फेऱ्या लिहीत होता. मला वाटलं, दोन्ही निभावेल.

२१ जानेवारीला सकाळी आठला एक पिवळा टिपर प्लांटच्या वर्कशॉपला आला. पुढचा बंपर आत गेलेला, डावा दिवा फुटलेला. रॉबिननं नेहमीप्रमाणे नोंद करायला घेतली, तर सुपरवायझर म्हणाला, “इसकी एंट्री नहीं करनी है.” दुपारपर्यंत बंपर बदलून रंगही मारला. रॉबिनला तेव्हा काही माहीत नव्हतं. संध्याकाळी अपेक्षाची बातमी आली.

दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझरच्या मोबाईलवर गाड्यांच्या चलनांचे फोटो शोधत होता. त्यात एका कागदाचा फोटो निघाला. हातानं आखलेले रकाने. खाली ‘शेरा’. एका नावाभोवती लाल गोल.

त्यानं अक्षर ओळखलं, मारुती. लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला तुझं पत्र यायचं त्याला.

दहाव्याला म्हणून आम्ही आलो नाही. तो तुझ्यासमोर उभा राहू शकला नसता, आणि त्याला सोडून मी आलो असतो तर खोटं बोलत बसलो असतो. तुझं मागचं पत्र आलं नसतं तर फोटोचं मी तुला मरेपर्यंत सांगितलं नसतं. तू लिहिलंस, दिवसाचे काही तास पटतं. ते तास मी आज काढून घेतो आहे. मला माफ कर.

जमलं तर उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

शमुवेल

*

दौंड
२० मार्च २०२५

मारुती,

तुझं उत्तर नाही. बरा आहेस ना? दोन ओळी टाक. रॉबिन रोज पोस्टमनची वाट बघतो. मला विचारत नाही, पण गॅलरीत उभा असतो.

शमुवेल

*

कवठे येमाई
२७ मार्च २०२५

प्रिय शमुवेल,

बरा आहे. उशीर झाला.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. ओढ्याच्या रस्त्यावर गेलो आणि वळणावर बसलो. दोन दिवस तसाच जात होतो. टिपर माझ्याजवळून जायचे. तिसऱ्या दिवशी दगडाबाई येऊन शेजारी बसल्या. मी त्यांना चार्टचं सगळं सांगितलं. शेऱ्याचंही.

त्यांनी एक टिपर पुढं जाऊ दिला. मग म्हणाल्या, “मंग तुमी मारलं व्हय तिला?”

मी म्हणालो, “मी वेळ लिहून दिली.”

“आन् म्या रोज फळ्यावर वाचून घेतलं पोरींकडून. मी बी मारलं का? आप्पा, ज्यानं गाडी घातली त्यो घरी निवांत जेवतोय, आन् तुमी हितं वळणावर बसून त्येचं वझं वाहताय. फुकाट हमाली.”

हे मला पूर्ण पटलं असं नाही. पण उठून घरी आलो.

आता रॉबिनचं. त्याला सांग, माझा त्याच्यावर राग नाही. त्यानं नोंद केली असती तरी अपेक्षा परत आली नसती. आणि माझ्यासाठी त्यानं पुढं येऊ नये. हे मी मनापासून लिहितो. नाव उघड झालं की काय होतं ते मी बघितलं आहे. एक लेकरू गेलं तेवढं पुरे. त्याला सोलापूरला तुझ्या मेहुण्याकडे पाठव. तिथं दुसरं काम मिळेल. ही पत्रंही जाळून टाक.

पृथ्वीराजला फोटोचं मला कळलं हे माहीत नाही. तो येतो, बसतो. मीही बसतो. परवा पाणी मागितलं त्यानं. मी दिलं. तो प्यायला, भांडं मी विसळून ठेवलं.

तुझा,
मारुती

*

दौंड
३ एप्रिल २०२५

प्रिय मारुती, सलाम.

तुझ्या सल्ल्याला आता उशीर झाला आहे. रॉबिन सोलापूरला गेला नाही.

तुझं पत्र मी त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं, घडी केली आणि म्हणाला, “काका मला नको म्हणतात, म्हणून मला जायला पाहिजे.” सोमवारी त्यानं पोलिसांत लेखी जबाब दिला. टिपरचा नंबर, वर्कशॉपची वेळ, फोटो, सगळं. नोंद करू दिली नव्हती तरी नंबर त्याच्या डोक्यात होता. फोटो त्यानं त्याच दिवशी स्वतःच्या मोबाईलवर घेऊन ठेवला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

पुढचं ऐक. जबाबाची एक प्रत घेऊन तो प्लांटच्या ऑफिसला गेला आणि पृथ्वीराजच्या टेबलावर ठेवून पोच मागितली. मी विचारलं, “हा गाढवपणा कोणी शिकवला तुला?” तो म्हणाला, “अपेक्षाताईनं. काकांच्या पत्रात आहे.”

मारुती, मी तुझा मित्र आहे म्हणून लिहितो. त्या क्षणी मला तुझ्या मुलीचा फार राग आला. मेली ती मेली, जाताना माझ्या पोराला घेऊन चालली, असंच मनात आलं. क्रिस्टीनाजवळ बोललोसुद्धा. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आता घरासमोर दिवसभर एक मोटरसायकल उभी असते. त्यावर दोघं असतात, काही करत नाहीत, शेंगा खातात. काल क्रिस्टीना लंगडत खाली गेली आणि त्यांना चहा देऊन आली. कप परत न्यायला गेली तेव्हा म्हणाली, “बाळांनो, आई-बापाला माहीत आहे का इथं बसता ते?” त्यातल्या एकानं खाली मान घातली. दुसरा म्हणाला, “आंटी, हमको बस बैठने को बोला है.”

तिला भीती वाटत नाही असं नाही. रात्री दाराला पलंग लावते.

जबाबाचं पुढं काय होतं बघू. तो टिपर प्लांटवरून हलवलाय, एवढं कळलं. सुपरवायझरचा फोन बंद आहे. पृथ्वीराजचा राग तुझ्यावर निघेल. सांभाळ.

तुझा,
शमुवेल

*

कवठे येमाई
१२ एप्रिल २०२५

प्रिय शमुवेल,

रॉबिनला माझा आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. तुला अपेक्षाचा राग आला ते लिहिलंस, बरं केलंस. मलाही येतो कधी कधी.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पृथ्वीराज आला नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा पाच वाजता दारात गाडी नव्हती. तासाभरात वाडीतली पोरं आली, आठ-दहा जण, पेट्रोलचे दोन कॅन घेऊन. रॉबिनच्या जबाबाची बातमी पसरली होती. ज्ञानू पुढं होता. म्हणाला, “आप्पा, उतारावर चार टिपर हायेत. तुमी फक्त व्हय म्हना, राख करतो.” मी काही बोलायच्या आधी दगडाबाई आल्या आणि ज्ञानूच्या हातातला कॅन काढून घेतला.

“पेटवायचंच आसतं तर आमी बाया अडुसष्ट दिस तितं माशा मारीत बसलो का? काडी काय तुमच्याच घरात हाय? तुमी पेटवा, मंग त्यो मेलेल्या पोरीला गुंड म्हनंल, आन् खरं ठरंल.”

ज्ञानू म्हणाला, “मंग काय नुसतं बसायचं?”

“बसून तर बघ. चार तासात कंबर मोडती का न्हाई ते सांग.”

पोरं हसली आणि गेली. मग त्या माझ्याकडे वळल्या. “आप्पा, चार्ट.”

मी म्हणालो, “नावं आणि वेळा लिहितो. शेरा नको.”

“का? कसं येनार ते बी लिव्हा. दौंडचं पोरगं नाव-गाव लिवून देऊन आलं, आमी काय चोर हाय का?”

रात्रभर विचार करून काल सकाळी मी कागद घेतला. पट्टीनं रकाने आखले. चार पाळ्यांत बायकांची नावं लिहिली, जशी त्यांनी सांगितली तशी. पहिल्या पाळीत मात्र फक्त माझं नाव लिहिलं. पहाटे पाच. शेरा: चालत, ओढ्याच्या रस्त्याने, एकटा. ती पाळी दुसऱ्या कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती. एक प्रत तहसीलला, एक पोलिसांना दिली, एक पृथ्वीराजच्या घरी पोच घेऊन दिली, आणि एक फळ्यावर चिकटवली. पहिला दिवस उद्याचा.

आज सकाळी अकराला तो स्वतः फळ्यापाशी आला. मी पारावर बसलो होतो. चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. मग खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पाळीत माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: आप्पांसोबत.

माझ्याकडे बघून म्हणाला, “कोणीही नाव लिहू शकतं ना, आप्पा? ताईचा नियम होता.”

मी म्हणालो, “हो.”

“मग पहाटे भेटू. अंधार असतो, मी घरी न्यायला येतो तुम्हाला.”

“मी चालत येतो. तसं लिहिलं आहे.”

तो गेला. त्याचं नाव खोडावं असं मला वाटलं. पेन हातात होतं. पण लिहिलेलं नाव चार्टवरून खोडायचं नसतं, आणि तिचा नियम तो म्हणाला तोच होता. तसंच ठेवलं. घरी येऊन कागदपत्रं एका पिशवीत घातली. ती दगडाबाईंकडे आहेत, तुझा पत्ता वर लिहिला आहे.

मग तुला पत्र लिहायला बसलो, पण पूर्ण झालं नाही. दुपारी तीनच्या सुमारास बाहेर गलका ऐकू आला म्हणून पुन्हा ग्रामपंचायतीकडे गेलो. उतारापासून वरपर्यंत टिपर उभे केलेत, सात मोजले. एकालाही नंबरप्लेट नाही. इंजिन चालू ठेवून बसलेत. धूर इथपर्यंत येतो.

फळ्यासमोर बायकांची रांग होती. प्रत्येकीनं आपली पाळी सोडून पहिल्या पाळीत नाव लिहिलं आहे. वाडीतली राजनंदिनी बारावीला आहे, ती ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावं लिहीत होती. दगडाबाईंनी अंगठा लावला. ज्ञानू आणि त्याची पोरंही आहेत. जागा संपली तेव्हा समासात लिहिलं, मग उभं लिहिलं, दोन ओळींच्या मध्ये लिहिलं. शेऱ्यात सगळ्यांनी एकच लिहिलं आहे, चालत, आप्पांसोबत. काहींनी चालत चुकीचं लिहिलंय. मी दुरुस्त केलं नाही.

मी दगडाबाईंना म्हणालो, “एवढ्या जणांची नावं त्याच्या हातात गेली. उद्या काय होईल मला सांगता येत नाही.”

त्या म्हणाल्या, “आमाला कुठं येतंय?”

उद्या काय झालं ते तुला माझ्याकडून किंवा राजनंदिनीकडून कळेल. तिला तुझा पत्ता दिला आहे.

चार्ट इतका खराब झालेला मी डेपोत कधी चालवून घेतला नसता. पहिल्या पाळीचा रकाना काळा झाला आहे. पृथ्वीराजचं नाव त्यात आहे, पण शोधावं लागतं.

तुझा,
मारुती